मारितची मोकळी जागा

एल्वहामच्या मोठ्या चौकात उभे राहिले की समोर चर्च दिसते, उजव्या हाताला नगरपालिकेची पिवळी इमारत, आणि डावीकडे नदीवर उतरत जाणारा रस्ता. सगळा चौक करड्या दगडांनी बांधून काढलेला आहे. हे स्वीडनच्या उत्तरेकडचे शहर. वर्षातले सहा महिने इथे बर्फ असतो. उरलेल्या सहा महिन्यांत हे दगड एकेक करून बसवायला किती पिढ्या लागल्या, कोण जाणे.

चौकाच्या मध्यभागी मात्र काळ्या दगडांची एक चौकट आहे. नऊ पावले लांब, सहा पावले रुंद. आत फरशी नाही, नुसती माती आणि मातीवर गवत. नदीच्या बाजूला एक आडवा दगड आहे. जुन्या घराचा उंबरठा झिजतो तसा मधोमध झिजलेला. तिथे पुतळा नाही, कारंजे नाही, साधी पाटीही नाही. शनिवारच्या बाजारात सगळा चौक भरून जातो. मासे, बटाटे, लोकरीचे मोजे, मधाच्या बाटल्या. पण चौकटीच्या आत कुणी टोपलीसुद्धा टेकवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात साताऱ्याकडची काही मंडळी आली होती. त्यांच्यातल्या उज्ज्वलाताई फोटो काढायला सरळ त्या गवतावर जाऊन उभ्या राहिल्या. लगेच इथला एक वयस्कर गृहस्थ चौकटीपाशी आला. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले, हळूच काहीतरी विचारले आणि गप्प उभा राहिला. चौक दाखवायला मी बरोबर होतो; ताई घाबरून माझ्याकडे वळल्या.

"अहो काका, हा कोण? साध्या कपड्यातला पोलीस आहे का?"

"नाही हो. तुम्ही बाहेर याल का, असं विचारतोय."

"मग पुढं बोलत का नाही?"

"तुमच्या उत्तराची वाट बघतोय."

"आणि हात असे मागे? शाळेत शिक्षा झाल्यासारखे?"

त्यांचे यजमान दिगंबरराव हसून म्हणाले, "मी घरी असाच उभा असतो. इथं त्याला मान आहे, बघ."

ताई बाहेर आल्या. गृहस्थाने मान लववली आणि तो आपल्या वाटेने गेला. मग आम्ही बाकावर बसलो. तेव्हा त्यांना जे सांगितले तेच इथे लिहितो आहे. मी चौथी शिकलेला माणूस. आधी बोटीवर होतो, मग इथल्या लाकडाच्या गिरणीत. ही हकिकत मला गिरणीत माझ्या शेजारी फळ्या रचणाऱ्या गुनवोरबाईने सांगितली, आणि तिला तिच्या आजोबांनी. खरेखोटे त्यांना ठाऊक.

पण आधी इकडच्या माणसांची एक लकब ध्यानात घ्यायला हवी. ही माणसे 'हो' म्हणताना पुष्कळदा बोलतच नाहीत. ओठ जरासे पुढे काढून श्वास आत ओढतात. दाराच्या फटीतून वारा शिरावा तसा आवाज होतो. झाला होकार. आपल्याला ठेच लागली, चटका बसला, की आपण 'स्स्' करून श्वास ओढतो ना, जवळजवळ तसाच. गिरणीतला माझा पहिला हिवाळा होता. बोटात लाकडाचे कुसळ गेले म्हणून मी 'स्स्' केले. नेमका त्याच वेळी मुकादम मला विचारत होता, रविवारी कामाला येशील का. तो खूश होऊन निघून गेला. ओळीने तीन रविवार मी एकटाच गिरणीत आलेला पाहून गुनवोरबाईने चौकशी केली, पोट धरून हसली, आणि मग हसू आवरून तिने मला मारितची गोष्ट सांगितली.

फार जुनी गोष्ट आहे. त्या वेळी एल्वहाम नदीला चिकटून वसलेले होते. सगळी घरे लाकडाची, भिंतीला भिंत लागून. अशा गावाला सर्वांत मोठी भीती आगीची. म्हणून गावाने भाकरीची भट्टी गावाबाहेर, वरच्या माळावर ठेवली होती. इकडची भाकरी सातूच्या पिठाची. परातीएवढी मोठी, पापडासारखी पातळ, आणि तव्यावर नव्हे तर दगडमातीच्या भट्टीत भाजायची. एकेका घराने तशी भट्टी बांधणे परवडणारे नव्हते, आणि धोक्याचेही होते. सगळ्या गावाची भट्टी एकच, आणि ती चालवणारी बाईही एकच. तिचे नाव मारित.

मारित एकटी राहायची. ओंडके एकावर एक रचून केलेले एका खोलीचे घर, छपरावर माती आणि गवत, आणि आत निम्मी खोली अडवून बसलेली भट्टी. भट्टी तिच्या आईने बांधली होती. आई गेल्यावर तीच मारितचे माहेर आणि तीच सासर, असे गुनवोरबाई म्हणायची.

या मारितला बोलायला वेळ लागायचा, असे सांगतात. ती मुकी नव्हती, अडखळतही नव्हती. काही विचारले की ती आधी नीट ऐकून घ्यायची, मग विचार करायची, मग तोंड उघडायची, आणि तोवर विचारणारा निघून गेलेला असायचा. गावातल्या बायका थट्टा करायच्या, "मारितला काही विचारायचं असेल तर आदल्या दिवशी येऊन विचारून ठेवा." त्यावर मारित हसायची. तेही जरा उशिराच.

एका वर्षी उन्हाळा कोरडा गेला आणि भर दुपारी गावाला आग लागली. कुठून लागली ते कुणालाच सांगता आले नाही. वारा नदीवरून होता. संध्याकाळच्या आत सगळे एल्वहाम राख झाले. माणसे लेकरे उचलून माळावर धावली. तिथून वळून पाहिले तर खाली काहीच उरले नव्हते. आगीच्या भीतीने जिला गावाबाहेर ठेवले होते, तेवढी भट्टी मात्र धड होती. मारित दारात उभी होती आणि तिच्या मागे भट्टीत भाकऱ्या भाजत होत्या.

त्या हिवाळ्यात माणसे जमिनीत खड्डे खणून, त्यांवर फांद्या टाकून राहिली. पलीकडच्या काठावरच्या गावांनी पीठ पाठवले. मारितने पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत भट्टी चालवली. कुणालाही थंडी असह्य झाली की तो भट्टीच्या भिंतीला पाठ टेकून बसायचा. आईच्या दुधाविना राहिलेली दोन तान्ही पोरे तर तिने भट्टीच्या कट्ट्यावर, पिठाच्या टोपलीत ठेवून जगवली, असे म्हणतात.

वसंत आला तेव्हा नवे गाव बसवायचे ठरले. नदीकाठी नको, वर माळावरच बसवू, असे सगळे म्हणाले. नगराध्यक्ष होता लिंडर नावाचा गृहस्थ. चांगला माणूस होता. त्याची म्हातारी आई त्या आगीत गेली होती. त्याने मनाशी एकच गोष्ट धरली होती. गावाच्या मधोमध एक रुंद, मोकळा चौक हवा, इतका मोकळा की एका बाजूला आग लागली तर ठिणगी उडून दुसऱ्या बाजूला जाऊ नये. राजधानीहून मोजणीदार आला. त्याने साखळी ओढली, खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या. चारही कोपऱ्यांतून ताणलेल्या दोऱ्या जिथे एकमेकींना छेदत होत्या तिथे मारितचे घर उभे होते.

लिंडरने गावसभा बोलावली. बर्फ वितळून सगळीकडे चिखल झाला होता. माणसे त्या चिखलातच उभी राहिली. तेव्हाची रीत अशी होती की सभेत ज्याला विचारायचे त्याचा हात हातात घेऊन विचारायचे, म्हणजे उत्तर साऱ्या गावाच्या साक्षीने बांधले जाते. लिंडरने मारितचा हात हातात घेतला आणि विचारले, "मारित, चौकासाठी तू आपलं घर देतेस का? नदीच्या वाटेवर तुला जागा देऊ. उलोफ सुतार तुझे ओंडके तिथे नेऊन जसंच्या तसं घर उभं करून देईल."

विचारता विचारता त्याने मायेने तिचा हात दाबला.

त्याच सकाळी भट्टीच्या लोखंडी झाकणाने मारितचा तळवा पोळला होता. हात दाबला गेला तशी कळ मस्तकात गेली, आणि तिने श्वास आत ओढला. "स्स्."

"दिलं!" कुणीतरी ओरडले. "मारितनं घर दिलं!"

टोप्या उडाल्या. बायकांनी डोळे पुसले. एक म्हातारा म्हणाला, "पहिल्यांदा बघतोय, विचारल्याबरोबर उत्तर दिलं पोरीनं." सगळे हसले. लिंडरने तिला मिठी मारली. मारितने बोलायला तोंड उघडले तेव्हा माणसे पाठ फिरवून चिखलातून आपापल्या खड्ड्यांकडे चालली होती. हिवाळाभर ती माणसे हसली नव्हती. तिने तोंड मिटले.

दुसऱ्या दिवशी उलोफ सुतार आपली माणसे घेऊन आला. ओंडक्यांचे घर हलवायची इकडे एक पद्धत आहे. घर मोडत नाहीत, उतरवतात. उतरवण्याआधी प्रत्येक ओंडक्याच्या टोकाला कुऱ्हाडीने खाचा पाडतात. सर्वांत वरच्याला एक, त्याच्या खालच्याला दोन, असे करत खाली यायचे. मग नव्या जागी त्याच खाचा वाचत भिंती पुन्हा रचायच्या. उलोफने खाचा पाडल्या. पहिल्या दिवशी छपराची माती काढली. दुसऱ्या दिवशी आढे आणि वासे उतरले. तिसऱ्या दिवशी भिंती कमरेएवढ्या झाल्या. आणि वर नुसते आभाळ असलेल्या त्या खोलीत मारित भाकऱ्या भाजतच होती.

उलोफला ते विचित्र वाटले. त्याने दोनदा सांगून पाहिले, "अगं, भट्टी विझव आता. उद्या दगड काढायचेत." ती त्याच्याकडे पाहायची, आणि बोलणार असे वाटायचे, तेवढ्यात वरून कुणीतरी हाक मारायचे, "उलोफ, दोर धर!"

तिसऱ्या दिवशी दुपारी ती टोपली घेऊन बाहेर निघाली. उंबरठ्यापाशी चिखल होता. उलोफने तिला हात दिला, आणि तिने तो धरताच पुन्हा तोच आवाज. "स्स्."

उलोफ हसला. "अगं, हो काय? मी तर काही विचारलंच नाही."

आणि बोलून झाल्यावर त्याचे हसू गेले. त्याने तिचा हात उलटा करून पाहिला. तळव्यावरचा फोड फुटला होता आणि त्यात पीठ भरले होते.

"हे कधीचं?"

उलोफ एका ओंडक्यावर बसला. कुणी हाक मारली तर त्याने नुसता हात हलवून गप्प बसवले. लाकूड वाळायला किती वेळ लागतो हे ज्याला माहीत असते त्याला वाट पाहता येते.

"सभेच्या सकाळचं," मारित म्हणाली.

"म्हणजे तू हो म्हणाली नव्हतीस?"

पुन्हा बराच वेळ गेला.

"मी अजून काहीच म्हणाले नव्हते."

उलोफने कुऱ्हाड जमिनीवर ठेवली आणि तो थेट लिंडरकडे गेला. त्याच दुपारी सभा पुन्हा भरली, या वेळी उतरवलेल्या घराच्या भोवती. माणसे चिडलेली होती. खुंट्या ठोकून झाल्या होत्या, रस्ते आखून झाले होते. आपण पहिला ओंडका कुठे रोवायचा हे प्रत्येकाने मनात ठरवून टाकले होते.

लिंडर म्हणाला, "उलोफ, सगळ्या गावानं ऐकलंय."

"काय ऐकलं? शब्द सांगा."

कुणालाच शब्द सांगता येईना.

मोजणीदार वैतागला. "बाई, हो की नाही ते पटकन सांगून टाका. माझं गलबत परवा सुटतं."

गर्दीतून एक बाई कडाडली, "तिला पटकन म्हणू नका हो! तिथंच तर घोळ झाला."

लिंडर मारितच्या समोर आला. सवयीने त्याचा हात पुढे निघाला होता. तो त्याने मागे घेतला. दुसराही मागे नेला आणि पाठीमागे दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले, जणू आपल्याच हातांचा त्याला भरवसा वाटत नव्हता. मग त्याने विचारले, "मारित, चौकासाठी तू आपलं घर देतेस का?"

आणि तो थांबला. सगळे गाव थांबले.

म्हणतात की त्या वेळी नदीवरची नाव अलीकडच्या काठावरून सुटत होती. ती पलीकडे पोचली. माणसे उतरली, दुसरी चढली. नाव परत निघाली. भट्टीतून करपल्याचा वास यायला लागला. "भाकरी करपतेय," एक मूल म्हणाले, आणि त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. नाव अलीकडच्या काठाला लागली.

तेव्हा मारित म्हणाली, "नाही."

कुणी हलले नाही. कारण ती अजून विचार करत होती हे आता सगळ्यांना दिसत होते.

"भट्टी हलत नाही," ती म्हणाली. "आईनं ज्या दरडीची माती आणली होती, ती दरड नदीनं नेली. ही मोडली तर अशी पुन्हा होणार नाही. घर कुठंही उभं राहील. भट्टी नाही. मग मी तिकडं जाऊन काय करू? आणि सकाळी तुम्ही सगळे कुठं जाल?"

एवढे लांब बोलणे तिने आधी कधी केले नव्हते आणि नंतरही केले नाही, असे सांगतात.

लिंडर खाली नदीकाठच्या काळ्या जागेकडे बघत राहिला. त्याला काय दिसत होते ते सगळ्यांना ठाऊक होते. मग तो म्हणाला, "आणि पुन्हा आग लागली तर, मारित?"

तिने विचार केला. "दारात पाण्याचं पिंप ठेवीन."

"हा नकार कायमचा का?"

तिने पुन्हा विचार केला. या खेपेला त्याला घाई नव्हती.

"पुढच्या वर्षी विचारा," ती म्हणाली.

आधी उलोफ हसला, मग एकेक करत सगळे. लिंडरलाही हसू आले. त्याच दुपारपासून माणसे ओंडके परत चढवायला लागली. खाचा होत्याच. सर्वांत जास्त खाचांचा आधी, एका खाचेचा शेवटी. रागावलेल्या माणसांनीही हात लावला, कारण उद्याची भाकरी सगळ्यांनाच हवी होती. मोजणीदाराने नकाशा पुन्हा काढला आणि चौकाच्या मध्यभागी नऊ पावले बाय सहा पावले एवढा तुकडा कोरा सोडला. रागाने सोडला म्हणतात. पण सोडला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर, लिंडर दारात आला. हात मागे बांधले आणि विचारले. नाव पलीकडे जाऊन आली. मारित म्हणाली, "नाही," आणि त्याच्या हातावर गरम भाकरी ठेवली. त्याच्या पुढच्या वर्षीही तसेच. हळूहळू लोक ते बघायला जमू लागले. लिंडर म्हातारा झाला, नगराध्यक्षपद दुसऱ्याकडे गेले, तरी विचारायला काठी टेकत तोच यायचा. बायका म्हणायच्या, "आला बाई मारितचा नवरदेव, नकार घ्यायला." लिंडर म्हणायचा, "नकार इथं मिळतो, पण भाकरी लावून मिळतो. तुमच्याकडं काय मिळतं?"

त्याचे पाहून बाकीचे शिकले. या चौकात कुणाला मोठे काही विचारायचे असले, एखाद्या मुलीला मागणी घालायची असली, भावाकडे अर्धे शेत मागायचे असले, तर विचारणारा हात मागे बांधू लागला. आणि उत्तर देणाऱ्याला शब्दानेच द्यावे लागे. श्वास चालत नसे.

अशी बावीस वर्षे गेली. बाविसाव्या वर्षी मारित आजारी होती. छातीत कफ भरला होता. शेजारणींनी तिला खुर्चीत बसवून उंबरठ्याशी आणले. भट्टी महिनाभर थंड होती. लिंडर आला. तोही थकला होता, काठी दुसऱ्याकडे देऊन त्याला हात मागे बांधावे लागले. त्याने विचारले.

नाव पलीकडे गेली आणि परत आली. मारित त्याच्याकडे बघत होती. मग तिने ओठ जरासे पुढे काढले आणि श्वास आत ओढला.

उलोफ पुढे झाला. तोही आता पांढऱ्या दाढीचा होता. तो तिच्यापुढे गुडघे टेकून बसला आणि त्याने तिचे दोन्ही तळवे उघडून पाहिले. तळवे स्वच्छ होते. कुठे पोळलेले नव्हते.

"मग हो असेल," एक शेजारीण हळूच म्हणाली. "जाताना माणूस कशाला धरून ठेवील?"

लिंडर वाट पाहत उभा राहिला. नाव पुन्हा एकदा जाऊन आली. मारितने डोळे मिटले होते आणि तिचा श्वास तसाच आवाज करत आत-बाहेर होत होता. त्यातला कुठला आजाराचा आणि कुठला तिचा, हे सांगणे कुणालाच शक्य नव्हते.

"असेलही हो," लिंडर म्हणाला. "पण एकदा आपण तिच्या वतीनं ऐकलंय. पुन्हा नाही. ती म्हणाली होती, पुढच्या वर्षी विचारा. पुढच्या वर्षी विचारू."

आठ दिवसांनी मारित गेली.

पुढच्या मे महिन्यात लिंडरने बंद दारासमोर उभे राहून विचारले. तो गेल्यावर नव्या नगराध्यक्षाने विचारले. घराला कुणी हात लावला नाही. ओंडके आपले आपण कुजत गेले. म्हणे, ते पडलेही उलोफच्या खाचांच्या क्रमाने. एका हिवाळ्यात एका खाचेचे, दुसऱ्या हिवाळ्यात दोन खाचांचे, आणि एकही ओंडका बाहेरच्या बाजूला पडला नाही. सगळे आतच, भट्टीभोवती. शेवटी भट्टीची मातीही पावसाने विरघळली आणि तिचे दगड ढासळून जमिनीत गाडले गेले. मग बाकीच्या चौकात दगड बसवले तेव्हा गवंड्यांनी भिंतींच्या जागी काळा दगड लावला आणि आतली माती तशीच ठेवली. आत दगड बसवू का, असे जिला विचारायचे ती तिथे नव्हती.

"म्हणजे शेवटचं ते हो होतं की नाही?" उज्ज्वलाताईंनी मला विचारले.

मी म्हणालो, "हेच मी गुनवोरबाईला विचारलं होतं. ती म्हणाली, ते ठरवायला आपण कोण."

आजही मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी, बाजार मांडण्याआधी, सगळे दुकानदार आपले तंबू न उघडता चौकात उभे राहतात. सध्याच्या नगराध्यक्ष एक बाई आहेत. त्या नगरपालिकेतून चालत येतात, आडव्या दगडाच्या बाहेर थांबतात, हात मागे बांधतात आणि गवताला विचारतात, "मारित, तुझी जागा देतेस का?" मग सगळे वाट पाहतात. आता नदीवर नाव नाही, पूल आहे. म्हणून पलीकडच्या काठावर जाऊन परत येणाऱ्या बसची वाट पाहतात. मीही टोपी काढून उभा राहतो. वारा असतो, गवत हलते, कुणाचे तरी मूल कुरकुरते. बस परत येते. उत्तर आलेले नसते. न आलेले उत्तर म्हणजे होकार, असे इथे कुणी धरत नाही. बाई मान लववतात आणि म्हणतात, "बरं, पुढच्या वर्षी विचारू." आणि मग तंबू उघडतात, चौकटीच्या भोवताली.